कंबर, कोअर आणि एका बगची गोष्ट

गेल्या रविवारी माझी पाच वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, उचल ना!" मी उचललं. यात ब्लॉग लिहिण्यासारखं काय, असं वाटेल तुम्हाला. पण त्याआधी आठ महिने मी तिला उचललंच नव्हतं.

झालं असं, की ऑफिसात पाण्याचा जार उचलताना कंबरेत उसण भरली. फिजिओथेरपिस्टने निदान केलं, "कोअर वीक आहे तुमचा." मग पोट आत ओढून धरण्याचे व्यायाम सुरू झाले. दीड महिन्यात दुखणं गेलं, पण एक वाक्य डोक्यात रुतून बसलं: पोट आवळल्याशिवाय वाकलात तर मणका गेलाच म्हणून समजा! चप्पल उचलतानाही मी पोट आवळायला लागलो. शेवटी म्हटलं, हे वाक्य आलं कुठून ते तरी बघू.

तर मंडळी, आधी कंबरदुखीवर उपाय एकच असायचा, गादीवर पडून राहा. १९८६ साली टेक्सासमध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर प्रयोग केला. काहींना दोन दिवस विश्रांती, काहींना सात. दोन दिवसवाले लवकर कामावर गेले आणि त्यांचं काही बिघडलंही नाही. म्हणजे हालचाल हवी. पण कोणती?

१९९२ साली मूळचे इंजिनिअर असलेले येल विद्यापीठाचे मनोहर पंजाबी यांनी कण्याच्या स्थैर्याचं मॉडेल मांडलं. त्याचे तीन भाग: हाडं आणि अस्थिबंध, स्नायू, आणि या सगळ्यांवर ताबा ठेवणारी मज्जासंस्था. आपल्या भाषेत हार्डवेअर, मोटर आणि कंट्रोलर. मला तर वाचूनच आपलेपणा वाटला.

मग १९९६. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी कंबरदुखीचे १५ रुग्ण आणि १५ निरोगी माणसं घेतली. सांगितलं, हात झटकन हलवा. निरोगी माणसांत पोटाचा सगळ्यात आतला, पट्ट्यासारखा स्नायू हात हलायच्या आधीच जागा होत होता. रुग्णांत तो उशिरा जागा होई. फरक मिलिसेकंदांचा. पण जगभरच्या क्लिनिकांनी आणि जिमवाल्यांनी त्यातून निष्कर्ष काढला, की स्नायू उशिरा जागा होतो म्हणून कंबर दुखते, सबब पोट आवळा.

आता हे सगळं थोतांड होतं का? नाही. ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ रुग्णांचा पाठपुरावा केला. २००१ साली छापलेल्या निकालात असं दिसलं, की खास व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला, तर नुसती औषधं आणि सल्ला मिळालेल्यांपैकी ८४ टक्के लोकांना. प्रयोग छोटा, पण फरक केवढा!

खरी गंमत २००३ सालची. हॉजेस यांनीच सहकाऱ्यांबरोबर निरोगी माणसांच्या कमरेच्या स्नायूत खारं पाणी टोचून मुद्दाम दुखणं निर्माण केलं. आणि काय, त्याच आतल्या स्नायूचं टायमिंग बदललं! म्हणजे लॉगमध्ये दिसणारा एरर हा बगचं कारण नसून परिणामही असू शकतो. प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्या कुणालाही ही चूक ओळखीची वाटेल.

२०१६ साली कॉक्रेनच्या आढाव्यात २९ चाचण्या आणि २,४३१ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. जुनाट कंबरदुखीत स्नायूंवर ताबा मिळवायचे हे व्यायाम किमान उपचारांपेक्षा सरस ठरले, पण इतर व्यायामांपेक्षा नाही.

थोडक्यात काय, व्यायामाने मी बरा झालो हे खरं. पण माझा कणा काचेचा होता हे मात्र कुणीच सिद्ध केलं नव्हतं. दुखणं दीड महिन्यात गेलं, भीती आठ महिने राहिली. (पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र असले निबंध वाचत बसू नका, तडक डॉक्टर गाठा.)

व्यायाम मी अजूनही करतो. आवडतात म्हणून. लेक मात्र आठ महिन्यांत चांगलीच जड झाली आहे. असो.