डोरोथिया लँग : स्टुडिओंतून रस्त्यावर

कुटुंबांचीं छायाचित्रें काढणारा मनुष्य इतिहासकार होऊं शकेल काय, असें कोणी विचारल्यास पुष्कळांस हसूं येईल. एकाचें काम गिऱ्हाइकाचा संतोष, दुसऱ्याचें सत्यकथन. दोहोंचा मेळ बसावा कसा? परंतु अमेरिकेंतील डोरोथिया लँग या बाईंचें चरित्र पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी द्यावें लागतें. आणि त्या होकाराबरोबर एक हिशेबहि मांडावा लागतो.

लँगबाईंचा जन्म १८९५ सालीं न्यू जर्सी संस्थानांतील होबोकेन येथें झाला. सातव्या वर्षीं पोलिओनें त्यांचा पाय कायमचा अधू केला. १९१९ सालीं त्यांनीं सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत स्वतःचा स्टुडिओ थाटला. तेथें येत तीं बहुधा धनिक व्यापाऱ्यांचीं कुटुंबें. त्यांचीं चित्रें काढतां काढतां माणसाच्या मनांतलें त्याच्या हातांच्या ठेवणींतून आणि मानेच्या झुकावांतून कसें प्रकट होतें, हें बाई शिकल्या.

१९२९ सालीं शेअरबाजार कोसळला आणि पुढें मंदीनें देश ग्रासला. स्टुडिओच्या खिडकींतून कामधंदा गेलेलीं माणसें रस्त्यावर भटकतांना दिसूं लागलीं. १९३३ सालीं बाई कॅमेरा घेऊन खालीं उतरल्या. जवळच, ‘व्हाइट एंजल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका विधवेनें चालविलेल्या अन्नछत्रापाशीं बेकारांची गर्दी होती. त्या गर्दीकडे पाठ करून, हॅट खालीं ओढून, टिनाचें भांडें हातांच्या कवेंत घेऊन कठड्याला टेकलेला एक मनुष्य त्यांनीं टिपला. बातमीदारानें गर्दी दाखविली असती. गर्दींतून एकच माणूस निवडण्याची दृष्टि स्टुडिओनें दिलेली होती.

पॉल टेलर या बर्कलीच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीं हीं चित्रें पाहिलीं आणि शेतमजुरांच्या पाहणीसाठीं १९३५ सालीं बाईंना बरोबर घेतलें. छायाचित्रकारासाठीं पैशाची तरतूद नसल्यामुळें कागदोपत्रीं त्यांची नेमणूक टंकलेखिका म्हणून झाली! टेलरांचे आंकडे आणि बाईंचीं चित्रें यांचा परिणाम होऊन स्थलांतरित मजुरांसाठीं सरकारी छावण्या उभ्या राहूं लागल्या. त्याच वर्षीं बाई मध्यवर्ती सरकारच्या पुनर्वसन खात्यांत दाखल झाल्या व टेलरांशीं विवाहबद्धहि झाल्या.

१९३६ च्या मार्च महिन्यांत, कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या मुक्कामांत त्यांना एक माता भेटली. पीक गोठून गेलेलें; काम नाहीं, अन्न नाहीं. मांडीवर तान्हें मूल, दोन मुलांनीं तोंडें फिरवून तिच्या खांद्यांचा आसरा घेतलेला, हात हनुवटीशीं, नजर दूर कोठें तरी. ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगभर गेलेलें हें चित्र रचनेनें पाहतां एक कुटुंबचित्रच आहे. तें वर्तमानपत्रापर्यंत पोंचतांच निपोमोकडे २०,००० पौंड अन्न रवाना झालें; तोंवर तें कुटुंब पुढें निघून गेलें होतें.

येथेंच तो हिशेब येतो. स्टुडिओंत आलेल्या गिऱ्हाइकाचें नांव वहींत लिहिलें जाई, आणि चित्र त्याच्या घरीं जाई. निपोमोच्या त्या बाईला नांव विचारलें गेलें नाहीं, असें लँगबाईंनीं स्वतःच पुढें लिहिलें आहे. फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्प्सन हें तिचें नांव जगाला कळलें तें १९७८ सालीं. आणि या चित्रापासून आपणांस कांहींच मिळालें नाहीं, अशी तिची तक्रार होती. चित्रामुळें हजारोंकडे लोकांचें लक्ष गेलें हें खरें. तथापि जिच्या मुद्रेवर तें घडलें तिचें देणें फिटलें, असें म्हणवत नाहीं.

१९४२ सालीं जपानी वंशाच्या नागरिकांना सरकारनें घरांतून उठवून छावण्यांत नेलें, तेव्हां त्याची नोंद करण्याचें काम बाईंकडेच आलें. हेवर्ड येथें त्यांनीं एका कुटुंबाचें चित्र काढलें : आईबाप आणि मुलें नीटनेटक्या पोशाखांत उभीं, आणि प्रत्येकाच्या कोटाला क्रमांकाची चिठ्ठी. ज्या सरकारनें तीं चित्रें काढविलीं त्यानेंच तीं युद्धकाळांत दडपून ठेवलीं. १९६५ सालीं बाई वारल्या. या संग्रहाचा मोठा भाग लोकांपुढें आला तो त्यानंतर.

संकटाच्या काळीं सत्ता माणसांना क्रमांक देते, आणि बातमी त्यांची गर्दी करते. स्टुडिओंत मुरलेल्या या बाईंनीं त्यांना मुद्रा परत दिली. नांव परत देण्याचें उरलेलें काम त्या चित्रांपुढें उभें राहणाऱ्यांचें आहे.