खिशातला चाकू : शेफील्ड ते मिकी

आजचा विषय तसा खिशात मावणारा आहे. आम्ही आठ-दहा जण गेली काही वर्षं महिन्यातून एकदा भेटतो. भेटलो की प्रत्येक जण त्या दिवशी खिशात असलेला चाकू काढून टेबलावर ठेवतो. मिटणारे, जुन्या घडणीचे, लहान चाकू. कुणी त्याने सकाळी सफरचंद कापलेलं असतं, कुणी पार्सलची दोरी, कुणी पेन्सिल तासलेली असते. कपाटातला ठेवणीतला चाकू आणायचा नाही, रोज वापरतो तोच आणायचा, एवढा एकच नियम आहे.

मागच्या वर्षी आमच्यातल्या एकाला एका ठिकाणी सुरक्षा तपासणीत अडवलं. तिथला रखवालदार चांगला माणूस होता. त्याने चाकू हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "काका, हे कशाला लागतं तुम्हाला?" काकांना पटकन उत्तर सुचलं नाही. चाकू तिथेच ठेवून यावं लागलं. नियम तसा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला नसता. खिशात चाकू नाही, याचंच तेव्हा नवल वाटलं असतं. मग हे उलटं कसं झालं? दोन गावांच्या आधाराने आज एवढंच बघायचं आहे. एक इंग्लंडमधलं शेफील्ड, दुसरं जपानमधलं मिकी.

आधी वस्तू समजून घेऊ. आम्ही बोलतोय तो खटक्याचा चाकू नव्हे, म्हणजे बटण दाबलं की पातं बाहेर येणारा नव्हे. हिंदी सिनेमातल्या रामपुरीमुळे आपल्या डोळ्यांसमोर तोच येतो. शेफील्डच्या पारंपरिक चाकूला बटण नसतं आणि कुलूपही नसतं. मुठीच्या पाठीत पोलादाची एक स्प्रिंगची पट्टी असते. पात्याच्या खाचेत नख घालून ते ओढायचं. पट्टी पात्याच्या बुडाला दाबून धरते, म्हणून पातं उघडलं की उघडं राहतं आणि मिटलं की मिटलेलं राहतं. पण पाठीकडून जोर दिला तर ते बोटांवर मिटूही शकतं. म्हणजे भोसकण्यासाठी हा चाकू अगदीच गैरसोयीचा. कापणं, तासणं, सोलणं हीच त्याची कामं.

आता शेफील्डकडे येऊ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीने 'कँटरबरी टेल्स'मध्ये ट्रम्पिंग्टनचा एक चक्कीवाला रंगवला आहे. त्याच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोचलेला आहे. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी शेफील्डचं नाव एवढं झालं होतं की नुसतं गाव सांगितलं तरी ऐकणाऱ्याला कळायचं. त्या काळी जेवायला बसलेल्या माणसाला यजमान सुरी देत नसे, ज्याने त्याने आपली आणायची. आपण पाणी प्यायला स्वतःची बाटली नेतो, तसंच.

१६२४ साली शेफील्डच्या चाकू-कात्रीवाल्या कारागिरांची अधिकृत संघटना पार्लमेंटच्या कायद्याने उभी राहिली. कुणाच्या मालावर कुणाची खूण असेल, शिकाऊ मुलगा किती वर्षं शिकेल, हे ती ठरवायची. पुढे अठराव्या शतकात, १७४०च्या सुमारास, बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळवाल्याने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारखं, निर्मळ पोलाद हवं होतं. ते चाकूच्या पात्यालाही लाभलं. पातं तापवून पाणी दिलं की धार टिकू लागली.

त्या काळात चाकूचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे लिहिणारा माणूस. युरोपात पिसाच्या लेखणीने लिहीत. टोक बोथट झालं की पुन्हा तासायचं, चिरायचं. इंग्रजीत लहान चाकूला 'पेननाइफ' म्हणतात ते यामुळेच. आपल्याकडे काय वेगळं होतं? मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातात बोरू होता आणि बोरू तासायला चाकू लागायचाच. फारसीत त्याला 'कलमतराश' असा शब्द आहे. म्हणजे इंग्रज कारकून काय आणि दफ्तरातला कारकून काय, लिहायला येतं त्याच्याजवळ चाकू असणारच.

आपल्याशी आणखी एक धागा आहे. शेफील्डच्या नामांकित चाकूंच्या मुठी सांबराच्या शिंगाच्या असत आणि ते शिंग हिंदुस्थानातून जाई. सांबर दरवर्षी शिंगं गाळतं, ती जंगलात गोळा करून निर्यात होत. हे १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललं. मग भारताने निर्यात बंद केली आणि आज खरं सांबरशिंग जुन्या साठ्यातलंच मिळतं. उलट बाजूने जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कंपनीची कचेरी कलकत्त्यात होती, मुंबईतही होती. शिंग इथून गेलं, चाकू होऊन परत आलं आणि अर्थात किंमत वाढून आलं. (हशा)

पण या चाकूची दुसरी किंमतही सांगितली पाहिजे. शेफील्डमध्ये एक चाकू एक माणूस करत नसे. घडाई करणारा वेगळा, दगडावर पातं घासणारा वेगळा, मूठ बसवून जुळवणी करणारा वेगळा. भाड्याच्या एवढ्याशा जागेत स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या या कारागिराला तिथल्या बोलीत 'लिटल मेस्टर' म्हणत, छोटा उस्ताद म्हणा. यातला घासणारा कामगार दगडाची धूळ दिवसभर छातीत भरून घ्यायचा. १८४५ साली एंगल्सने इंग्लंडच्या कामगारांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात शेफील्डच्या एका डॉक्टरचा हवाला आहे : कोरड्या दगडावर घासणारे पस्तिशीच्या पलीकडे क्वचितच जातात. आम्ही टेबलावर चाकू ठेवून "काय सुरेख घासलंय" म्हणतो, तेव्हा हे विसरून चालत नाही.

१८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी रॉजर्स कंपनीने 'नॉरफोक नाइफ' केला. त्याला ७५ पाती आणि अवजारं. आज तो शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. बघायला अफाट, पण खिशात कोण घालणार? इतिहास सांगताना आपण अशाच वस्तूंपाशी थांबतो. खरा इतिहास घडला तो त्याच वर्षी विकल्या गेलेल्या हजारो साध्या चाकूंनी. ते झिजले, हरवले, पाती अर्धी होईपर्यंत वापरून टाकून दिले गेले. म्हणूनच ते संग्रहालयात फारसे दिसत नाहीत.

मग हा चाकू खिशातून गेला कसा? पहिली कारणं अगदी साधी. पोलादी निब आलं, पिसं तासायची गरज संपली. पेन्सिलला शार्पनर आला. डबे, पाकिटं हाताने उघडू लागली. मोडकी पाती फेकून नवी घालायचे कटर आले. दुसरं कारण भीतीचं. ब्रिटनमध्ये १९५९ साली बटणाच्या चाकूंवर बंदी आली. १९८८च्या फौजदारी न्याय कायद्याने, योग्य कारण नसेल तर धारदार वस्तू सार्वजनिक जागी बाळगणं हाच गुन्हा ठरवला. पण त्यात एक सूट ठेवली. मिटणारा खिशातला चाकू आणि पात्याची धार तीन इंचांपर्यंत, तर कारण सांगायची गरज नाही. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने सांगितलं, पात्याला कुलूप असेल तर तो या सुटीत बसत नाही. आता गंमत बघा. आधुनिक, कुलपाचा, 'सुधारलेला' चाकू सुटीच्या बाहेर गेला आणि जुना, कमकुवत म्हणून मागे पडलेला स्प्रिंगचा चाकू आत राहिला. त्याचा दुबळेपणाच त्याला वाचवून गेला.

आता जपान. तिथली गोष्ट आपल्याला अधिक लागते. कोबेजवळ मिकी हे सुतारकामाच्या हत्यारांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथे 'हिगोनोकामी' नावाचा चाकू होऊ लागला. नावाचा अर्थ 'हिगो प्रांताचा अधिपती'. किंमत मात्र शाळकरी पोराला परवडेल अशी. पत्र्याची दुमडलेली मूठ, एक खिळा आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची छोटी दांडी. स्प्रिंगही नाही. अंगठा ठेवलात तरच पातं उघडं राहतं. जपानी मुलांच्या पिढ्यानुपिढ्या याच चाकूने पेन्सिली तासत, बांबूची खेळणी करत.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी तोक्योच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा भाषण करत असताना सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांना भोसकून मारलं. दृश्य देशभर टीव्हीवर दिसलं. हत्यार आखूड तलवार होतं, हिगोनोकामीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण 'मुलांच्या हाती धार नको' अशी मोहीम उभी राहिली आणि मुलांच्या दप्तरातून हिगोनोकामी गेला. एके काळी मिकीत तो करणारे कितीतरी कारखाने होते. आज नागाओ कानेकोमा हा एकच उरला आहे. त्या मोहिमेतल्या पालकांना आम्ही दोष देत नाही. असा प्रसंग डोळ्यांनी पाहिल्यावर आईबाप घाबरणारच. पण परिणाम असा की पुढच्या पिढीला धारेची भीती तेवढी उरली, धारेची सवय नाही. म्हणूनच नागानो प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेची गोष्ट सांगाविशी वाटते. १९८०च्या दशकापासून तिथे पहिलीत आलेल्या मुलांना हिगोनोकामी देतात आणि मुलं त्याने पेन्सिल तासायला शिकतात. हात कुठे ठेवायचा, समोर कुणी नाही ना, काम झालं की मिटायचा. वळण लागतं ते असं.

शेफील्डमध्येही कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरले. स्टॅन शॉ हे तिथले नामवंत छोटे उस्ताद. जन्म १९२६चा, पोरवयात कामाला लागले, सत्तरहून अधिक वर्षं चाकू केले, २०२१मध्ये गेले. त्यांचे चाकू संग्राहकांच्या कपाटात सुरक्षित आहेत. आज ब्रिटनमध्ये हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेच्या धोक्यातल्या हस्तकलांच्या यादीत मिटणारे चाकू करण्याची कलाही आहे. कपाटाने वस्तू वाचते, पण कला वाचायला गिऱ्हाईक लागतं आणि रोज वापरणारं लागतं. शेफील्डचा 'लॅम्बफूट' नावाचा एक प्रकार आहे, सरळ धारेचा, पात्याचं टोक कोकराच्या खुरासारखं. मागे पडत चाललेल्या या पात्याला अलीकडे पुन्हा मागणी आली, ती मुख्यतः रोज चाकू बाळगणाऱ्या आणि एकमेकांना दाखवणाऱ्या हौशी लोकांमुळे.

आमचं टेबलही तेवढंच करतं. साध्या पोलादाचं पातं लिंबू-सफरचंदाने काळंनिळं होतं. नवा माणूस म्हणतो, गंजलं. आम्ही म्हणतो, नाही, हा वापर दिसतोय. हौस म्हणजे गरज नव्हे, हेही मान्य आहे. आजोबांना चाकूवाचून दिवस काढता येत नव्हता, आम्हाला येतो. पण धार लावणं, पातं पुसून तेलाचा थेंब सोडणं, दुसऱ्याच्या हातात देताना मिटून देणं, हे करणारं कुणी राहिलं तरच ते करणाऱ्यासाठी चाकू घडवणाराही राहील.

त्या रखवालदाराला आता आम्ही काय उत्तर देऊ? सरळ सांगू : "दादा, पेन्सिल तासायला, फळ कापायला, दोरी सोडवायला. आणि हा घडवणारा माणूस अजून आहे, तो राहावा म्हणून." तो तरीही चाकू ठेवून घेईल. तिथे त्याने घ्यावाच. पण प्रश्नाला उत्तर होतं, हे त्याला कळेल.

पुढच्या भेटीला येताना घरात आजोबांचा जुना चाकू सापडतो का बघा. पातं झिजलेलं असेल तर उत्तमच.