पांढऱ्या स्फुरदाची आगकाडी

घरोघर काडेपेटी नव्हती तेव्हा बायका रात्री चुलीतल्या राखेखाली निखारा पुरून ठेवीत. सकाळी तो विझलेला निघाला, तर शेजारणीकडून विस्तव मागून आणायचा, नाहीतर गारगोटी-चकमक घेऊन बसायचं. हा खटाटोप आगकाडीने संपवला. जॉन वॉकर नावाच्या इंग्रज औषधविक्याने १८२७ साली घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. पुढे चार-पाच वर्षांतच काडीच्या गुलात पांढरा स्फुरद घालण्याची रीत युरोपात पडली. मग काय, काडी भिंतीवर घासा, बुटाच्या तळव्यावर घासा, कुठेही पेटे. शिवाय स्वस्त.

स्फुरद हा शब्द शेतकरी बंधूंना नवा नाही. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी खताच्या पोत्यावर असतेच. पण खतातला स्फुरद इतर द्रव्यांशी बांधला गेलेला असतो, म्हणून तो पिकाला पोसतो. मोकळा पांढरा स्फुरद ही चीजच निराळी. मेणासारखा मऊ, हवेत धुमसणारा, अंधारात चमकणारा आणि अत्यंत जालीम विषारी.

कारखान्यात या स्फुरदाच्या लगद्यात काड्यांची टोके बुडवीत, सुकवीत आणि पेट्यांत भरीत. तिथे राबत त्यांत बायका व मुले पुष्कळ. कोंदट जागेत ती वाफ दिवसभर नाकातोंडात जाई. आधी दात दुखू लागे. दात काढावा तर जखम भरून येत नसे. मग हिरड्यांत पू होई, आणि जबड्याचे हाडच कुजू लागे. दुर्गंधी अशी सुटे की घरची माणसेही जवळ बसायला कचरत. पुष्कळदा शस्त्रक्रिया करून जबडा काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसे. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्झर यांनी १८४५ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे विष कुठले, हे तेव्हाच कळले होते.

उतारही फार दूर नव्हता. व्हिएन्नातच श्रोटर या रसायनशास्त्रज्ञाने त्याच दशकात तांबड्या स्फुरदाचा शोध लावला. हा तसा विषारी नाही. स्वीडनच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी १८५५ पर्यंत त्याच्या निर्धोक काड्या बाजारात आणल्या. आपल्या काडेपेटीच्या कडेला जो तपकिरी पट्टा असतो ना, त्यात तांबडा स्फुरद असतो. काडीच्या गुलात तो नसतो. म्हणून ही काडी भिंतीवर घासून पेटत नाही. शिक्षकांना एवढी गोष्ट वर्गात सहज दाखवता येईल.

असे असूनही जुनी काडी आणखी पन्नास वर्षे खपली. ती स्वस्त पडे आणि कुठेही पेटे, एवढेच कारण. नुसत्या मालकांना बोल लावून भागायचे नाही. स्वस्त काडीच हवी म्हणणारी हजारो घरे त्यांच्या पाठीशी होती. फिनलंडने १८७२ साली आणि डेन्मार्कने १८७४ साली बंदी घातली. सुधारणेचा टेंभा मिरवणारे इंग्लंड मात्र गप्प होते.

तिथे तोंड फोडले ते मुलींनी. लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातील मुलींच्या हालांविषयी अ‍ॅनी बेझंट यांनी जून १८८८ मध्ये लेख लिहिला. होय, पुढे १८९३ साली हिंदुस्थानात आलेल्या आणि १९१७ साली राष्ट्रसभेच्या अध्यक्ष झालेल्या त्याच बेझंटबाई. लेख खोटा आहे असे लिहून द्या, म्हणून कंपनीने मुलींना दटावले. त्या बधल्या नाहीत. जुलैत सुमारे १,४०० मुली व बायका काम टाकून बाहेर पडल्या. त्यांच्या मागण्यांत दंडकपात बंद करा ही होतीच. पण जेवायला वेगळी खोली द्या, हीही होती. स्फुरद हवेतून भाकरीवर बसतो आणि घासाबरोबर पोटात जातो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. दोन-तीन आठवड्यांत संप जिंकला आणि खोली मिळाली.

पण पांढरा स्फुरद तसाच राहिला! याच कंपनीला १८९८ साली रोगाच्या केसेस सरकारपासून लपवल्याबद्दल दंड झाला, तो अवघा पंचवीस पौंडांच्या आसपास. त्याच वर्षी फ्रान्समध्ये स्फुरद आणि गंधक यांच्या संयुगापासून कुठेही पेटणारी, तरीही बिनधोक काडी निघाली. आता सबबच उरली नाही. १९०६ साली बर्न येथे काही राष्ट्रांनी बंदीचा करार केला, १९०८ साली ब्रिटनने कायदा केला आणि १९१३ साली हिंदुस्थानातही अशा काड्यांना बंदी झाली.

काडेपेटीतून गेलेला हा स्फुरद 'पिवळा' हे नाव घेऊन उंदीर मारण्याच्या काही मलमांत मात्र येत राहिला. त्याची नळी दात घासण्याच्या पेस्टसारखी दिसते, म्हणून मुलांच्या हाती लागते. पोटात गेला तर पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, आणि त्यानंतर यकृत निकामी होते. तेव्हा उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी नळीसकट इस्पितळ गाठावे.