कँडलचा हिशेब

जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘साठ कँडलचा बल्ब’ असतो. बल्बवर छापलेले असतात वॅट, म्हणजे तो वीज किती खाणार ते. पण दिवा मेणबत्त्यांत मोजायची रीत बल्बाच्या आधीची आहे. ती आली गॅसच्या धंद्यातून.

लंडनमध्ये कंपन्या दगडी कोळशाचा गॅस नळाने घरोघर विकत. गॅसला उजेड किती, हे ठरवायचं कसं? 1860च्या कायद्याने मापच बांधून दिलं: देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची, पाउंडाला सहा बसणारी, तासाला 120 ग्रेन (पावणेआठ ग्रॅम) जळणारी मेणबत्ती.

आता ताडून पाहायचं कोणी? डोळ्याने. डोळ्याला ‘नऊपट’ सांगता येत नाही, पण ‘सारखा’ तो नेमका सांगतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनने याचाच फायदा घेतला. कागदावर तेलकट डाग पाडायचा, एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला गॅसची ज्योत. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की डाग जवळजवळ दिसेनासा होतो. मग नुसती अंतरं मोजायची. ज्योत तिप्पट लांब असेल, तर ती नऊ मेणबत्त्यांची. इतकी स्वस्त आणि इतकी चोख युक्ती मोजमापाच्या इतिहासात विरळाच!

लबाड निघाली ती मेणबत्ती. वात वाकली, हवा कोंदट झाली, की माप बदललं. फ्रेंचांनी तेलाचा कार्सेल दिवा धरला, जर्मनांनी 40 मिलिमीटर ज्योतीचा हेफ्नर. अखेर 1948 साली थिजत्या प्लॅटिनमच्या तापमानाला बेतून ‘कँडेला’ आला. 1979पासून प्लॅटिनमही सुटलं: ठरावीक कंपनसंख्येच्या हिरव्या प्रकाशाचा एक वॅट म्हणजे 683 ल्युमेन. हिरवाच का, तर उजेडात आपला डोळा त्याच्याच आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो.

ल्युमेन ही कल्पना ब्लाँडेल या फ्रेंच अभियंत्याची, 1894ची. कँडेला एका दिशेचा जोर सांगतो, ल्युमेन दिव्यातून निघणारा एकूण उजेड. कारखान्यात मात्र कामाला येतो तो लक्स, दर चौरस मीटरवर प्रत्यक्ष पडणारे ल्युमेन. 20,000 ल्युमेनचा हायबे, म्हणजे उंच छताला टांगायचा दिवा 100 चौरस मीटरवर पसरला, तर फार तर सरासरी 200 लक्स. त्या ल्युमेनांतले काही भिंती खातात, काही काचेवरची धूळ. म्हणून तपासणीला आलेला माणूस दिव्याचा खोका वाचत बसत नाही, लक्समीटर थेट लेथवर टेकवतो.