बालकांचे स्मृतिदिन आणि वर्षावास

जालना जिल्ह्यातील कोणत्याही अंगणवाडीचे वर्ष पाहिले, तर ते स्मृतिदिनांनी आणि जागृतिदिनांनी गच्च भरलेले दिसते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १४ एप्रिलला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती, ऑगस्टच्या आरंभी स्तनपान सप्ताह, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १४ नोव्हेंबरला बालदिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. २०१८ पासून सप्टेंबरच्या सुमारास पोषण महिनाही पाळला जातो. विहारांनी चालविलेल्या बालवाड्यांत यांच्या जोडीला वैशाख पौर्णिमा आणि अशोक विजयादशमी असतात. हे दिवस कोणी ठरविले, हा इतिहासाचा एक प्रश्न होय. ते तीन ते सहा वर्षांच्या बालकापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचतात, हा दुसरा. आणि आम्हांस तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्या चळवळीत स्मृतिदिन ही केवळ शोभेची बाब कधीच नव्हती. १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची जयंती प्रथम सार्वजनिक रीतीने साजरी केली. ज्या समाजाला शाळेचा उंबरठा नाकारला गेला होता, त्याच्यासाठी पुढील काळात जयंती हीच शाळा झाली. मराठवाड्याने तर एका दिवसासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, त्यापाठोपाठ खेड्यापाड्यांतील दलित वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या घराने हे सोसले, त्या घरातील नातवाला १४ जानेवारी म्हणजे केवळ तिळगूळ वाटू नये, ही इच्छा रास्तच आहे. परंतु इच्छा रास्त आहे म्हणून पद्धतीही रास्त ठरते, असे मात्र नाही.

प्रचलित पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. प्रतिमेला हार घालावयाचा, मेणबत्ती लावावयाची, मुलांना रांगेत बसवावयाचे आणि मग वडीलधाऱ्यांनी वडीलधाऱ्यांसाठी भाषणे करावयाची. चार वर्षांच्या एखाद्या मुलाला निळा कोट व चष्मा चढवून एप्रिलच्या उन्हात उभे केले जाते. त्या कौतुकामागील माया आम्ही जाणतो. तथापि, त्या मुलाच्या स्मरणात बाबासाहेब राहतात की घाम राहतो, हे विचारावयास हवे. न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेची कठोर चिकित्सा केली होती. जयंतीच्याच व्यासपीठावरून जयंती कशी करू नये हे सांगणारे दुसरे भाषण आमच्या पाहण्यात नाही.

मोठ्यांच्या उत्सवात मूल कसे विसरले जाते, याचा एक दाखला पालि परंपरेत आहे. जातकट्ठकथेच्या निदानकथेत वप्पमंगलाचा, म्हणजे राजाच्या नांगरणीच्या सणाचा, प्रसंग येतो. बाल सिद्धार्थाला जांभळीच्या झाडाखाली निजवून दाया त्याच्याभोवती बसल्या होत्या. परंतु सोहळा पाहण्याच्या ओढीने त्या उठून गेल्या आणि बालक एकटेच राहिले. पुढे त्या बालकाला ध्यान लागले, म्हणून आपण ही कथा आनंदाने सांगतो. दायांच्या वर्तनाविषयी सहसा कोणी बोलत नाही.

लहान मुलाला कसे शिकवावे, याचा नमुना मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात सापडतो. अट्ठकथेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. तथागत सायंकाळी त्याच्याकडे गेले, पाय धुतले आणि भांड्यात थोडे पाणी राखले. प्रथम ते उरलेले पाणी दाखविले, मग ते ओतून टाकले, मग भांडे पालथे केले आणि शेवटी ते पुन्हा सुलटे करून त्याचे रितेपण दाखविले. प्रत्येक वेळी एकच विचारले: जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच असते ना? आरसा कशासाठी असतो, हा प्रश्न त्यानंतर येतो. आधी वस्तू, मग प्रश्न, आणि उपदेश सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी जी मोजकी धम्मवचने निवडली, त्यांत राहुलाला केलेला हा असत्याविषयीचा उपदेश आहे.

खुद्दकपाठातील कुमारपञ्हा याहून लहान आहे. त्यात एक ते दहा अंक आहेत आणि प्रत्येक अंकाला एक उत्तर. एक म्हणजे काय, या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर असे की सर्व प्राणी आहारावर जगतात. अट्ठकथा हे प्रश्न सात वर्षांच्या सोपाकाशी जोडते. अंकगणिताचा पहिला धडा अन्नाचा असावा, ही गोष्ट खिचडीच्या पातेल्याभोवती बसणाऱ्या अंगणवाडीला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. पोषण महिन्याची भित्तिपत्रके लावणाऱ्यांनी हा पञ्ह अवश्य वाचावा.

अंगणवाडी ही संस्थाही वस्तूतून आणि कृतीतून शिकविण्याच्या विचारातूनच जन्मली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या, आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. खडे, पाने, बिया, माती हेच साहित्य. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पण कोणाचे अंगण, हा प्रश्न उरलाच. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाड्या प्राधान्याने उघडाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाला २००४ व २००६ मध्ये सांगावे लागले. अंगणवाडी कोणत्या वस्तीत बसते आणि तेथे कोण कोणाशेजारी जेवते, यावर १४ एप्रिल हा सर्व मुलांचा दिवस होतो की काही मुलांचाच, हे बरेचसे ठरते. एका पातेल्यातून एका पंगतीत वाढलेली खिचडी हे कोणत्याही भाषणापेक्षा मोठे जयंतीकार्य आहे, असे आमचे मत आहे.

जागृतिदिनांपैकी एक दिवस मुलांना खरोखर समजला, तो पल्स पोलिओचा. १९९५ पासून देशभर चाललेल्या त्या मोहिमेत दोन थेंब तोंडात पडत आणि करंगळीवर शाईची खूण होई. ती खूण मूल घरोघर दाखवीत फिरे. त्याच्याजवळ दाखवावयास काही होते.

आता जालन्याच्या विशेष अडचणीकडे वळू. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो; सोबतचे मूल कोणत्याच हिशेबात नसते. बालदिन, संविधान दिन, महापरिनिर्वाण दिन, सावित्रीबाईंची जयंती आणि नामविस्तार दिन हे सर्व नेमके या महिन्यांत येतात. गावात प्रतिमेला हार पडतो तेव्हा ज्या मुलासाठी तो दिवस सर्वाधिक मोलाचा, ते मूल परजिल्ह्यात कोपीजवळ पाचटावर बसलेले असते.

येथे आम्हांस एक जुने साम्य दिसते. आषाढ पौर्णिमेनंतर भिक्खू वर्षावासासाठी एका ठिकाणी राहत आणि आश्विनात पवारणा झाली की चारिकेला निघत. ऊसतोड्याचे मूलही याच महिन्यांत घरी असते. साम्य येथेच संपते, हे खरे. भिक्खूची चारिका स्वेच्छेची होती, या मुलाची उचलीच्या कर्जाने ठरते. परंतु कालगणनेसाठी हे साम्य उपयोगी आहे. वर्षावासात अनेक विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालतेच. त्याच काळात अंगणवाडीच्या मुलांचे स्मृतिदिनही आणावेत, असे आम्ही सुचवितो. आषाढ पौर्णिमा म्हणजे प्रथम धम्मोपदेशाचा दिवस. १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्रामाचा आणि अनागारिक धर्मपालांच्या जयंतीचाही दिवस. सावित्रीबाईंची गोष्ट ३ जानेवारीलाच सांगितली पाहिजे, असा विनयाचा नियम नाही. ती ऑगस्टमध्ये सांगावी आणि त्या दिवशी प्रत्येक मुलीच्या हाती पाटी द्यावी. शेणमातीच्या माऱ्याची कथा थोडी मोठी झाल्यावर कळली तरी चालेल.

स्मरणासाठी साहित्य दूर शोधावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. १९७३ मध्ये तेथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. भोगवर्धनच्या उपासक-उपासिकांनी सांचीच्या स्तूपासाठी दान दिले आणि तेथील शिलांवर आपल्या नावापुढे गावाचे नाव कोरविले. शेकडो मैल दूर गेलेल्या त्या माणसांना आपण कोठले, हे दगडावर सांगावेसे वाटले.

ओल्या मातीची एक चकती, तीवर मुलाच्या अंगठ्याचा ठसा, आणि ताईंनी काडीने कोरलेली दोन नावे: एक मुलाचे, एक गावाचे. आषाढ पौर्णिमेला केलेली चकती भाद्रपदाच्या उन्हात पक्की वाळते. टोळी निघताना आई लसीकरणाचे कार्ड पिशवीत घालतेच. त्याच पिशवीत ती मावते.