फादर स्टीफन्स यांचा संकल्प

संकल्प करणें सोपें. तो तडीस नेणें कठीण. १५७९ सालीं इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरले, तेव्हां त्यांस मराठीचें अक्षरहि अवगत नव्हतें. साष्टींत राहून त्यांनीं ती आत्मसात केली. पैठणच्या एकनाथांनीं घरोघर नेलेल्या ओवींतच ख्रिस्तचरित्र सांगावें, हा त्यांचा निश्चय. ग्रंथ देशी लिपींत छापतां यावे म्हणून १६०८ मध्यें त्यांनीं रोमला वरिष्ठांस पत्र धाडिलें. परंतु खिळे लाभले नाहींत. तथापि निश्चय ढळला नाहीं. १६१६ मध्यें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. सदतीस वर्षें लोटलीं होतीं! भोकरच्या भाविकहो, ज्युबिलीनिमित्त आपणहि एकेक संकल्प करूं या. साधन अपुरें पडलें, तरी तो सोडूं नये.