मातीतली शिरस्त्राणे आणि इतिहासाची साक्ष

वर्गात पहिल्या महायुद्धाचा धडा चालू होता. फ्रान्समध्ये लढायला गेलेल्या हिंदी सैनिकांचे एक छायाचित्र मी मुलांना दाखवले. चित्र हातोहात फिरले आणि शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, इनके सर पर लोहे की टोपी क्यों नहीं है?" चित्रातले सगळे जवान फेट्यात होते. मी म्हणाले, "तेव्हा ती टोपी कुणाकडेच नव्हती." उत्तर खरे होते, पण अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी मी वाचू लागले आणि वाचता वाचता फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांतून आजही निघणाऱ्या गंजक्या शिरस्त्राणांपाशी येऊन थांबले.

१९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा फ्रेंच आणि इंग्रज शिपायांच्या डोक्यावर कापडी टोप्या होत्या, तर जर्मनांच्या डोक्यावर वर टोक असलेले चामड्याचे शिरस्त्राण होते. खंदकांची लढाई सुरू झाली आणि तोफगोळ्यांचे तुकडे वरून डोक्यावर कोसळू लागले. मग १९१५ मध्ये फ्रेंचांनी 'एड्रियन' हे पोलादी शिरस्त्राण आणले. त्याच वर्षी जॉन ब्रॉडी याने इंग्रजांसाठी उथळ ताटासारखे शिरस्त्राण तयार केले. १९१६ मध्ये व्हर्दूनच्या लढाईत जर्मनांचे कानापर्यंत उतरणारे पोलादी शिरस्त्राण दिसू लागले. समोरून आलेली रायफलची गोळी यांपैकी एकही शिरस्त्राण खात्रीने अडवत नसे. ती घडवली होती उडणाऱ्या तुकड्यांसाठी.

युद्ध संपून शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी तिथल्या शेतकऱ्यांच्या नांगराला आजही न फुटलेले तोफगोळे लागतात. त्यांच्याबरोबर शिरस्त्राणेही वर येतात. हौशी संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात, आणि जिथे किंमत आली तिथे नक्कलही आली. कुणी नव्या पत्र्याला आम्ल लावून गंज चढवतो, कुणी तो काही महिने जमिनीत पुरून ठेवतो, तर कुणी खऱ्या जुन्या शिरस्त्राणावर खोटे चिन्ह चिकटवून त्याचा भाव वाढवतो.

मग खरे ओळखायचे कसे? जाणकार आधी धातू पाहतात. ब्रॉडी शिरस्त्राणाच्या पोलादात मँगेनीजचे प्रमाण मोठे असल्याने त्याला चुंबक नीट चिकटत नाही. अगदी सुरुवातीची काही साध्या पोलादाची होती, तेवढा अपवाद. फ्रेंच शिरस्त्राण पातळ पत्र्याचे, तुकडे जोडून केलेले असते आणि त्याच्या माथ्यावर तुरा असतो. जर्मन शिरस्त्राणाच्या आतल्या कडेला कारखान्याची अक्षरे आणि मापाचा आकडा ठोकलेला असतो. भोकाची कडाही बोलते. जुन्या भोकाच्या कडेवर आजूबाजूसारखाच गंज असतो, मागाहून पाडलेल्या भोकाची कडा वेगळी दिसते. दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण घ्या. जर्मन भूदलाने शिरस्त्राणावरची तिरंगी ढाल १९४० मध्ये बंद केली. तेव्हा १९४२ च्या नमुन्यावर ती ढाल दिसली, तर शंका घ्यायलाच हवी. विद्यार्थ्याने शिवाजी महाराजांच्या हाती त्या काळी नसलेली वस्तू दिलेले चित्र काढले, तर आपण जशी चूक पकडतो, तसेच हे आहे.

पण वस्तू अस्सल ठरली म्हणजे काम झाले असे नाही. ती कुठे सापडली, कशाजवळ सापडली, हे ठाऊक नसेल तर तिची साक्ष अर्धीच राहते. २००८ मध्ये बेल्जियममधल्या प्लूगस्टेर्टजवळ संशोधकांच्या एका गटाला एका सैनिकाचे अवशेष मिळाले. त्यांच्याबरोबर टोकाचे जर्मन शिरस्त्राण होते. एखाद्या लोभी माणसाने ते आधीच काढून नेले असते, तर बाजारात ते 'एका जर्मन सैनिकाचे शिरस्त्राण' म्हणून विकले गेले असते. प्रत्यक्षात तो सैनिक ऑस्ट्रेलियन होता आणि ते शिरस्त्राण त्याने आठवण म्हणून जवळ ठेवले होते. हाडांची रासायनिक तपासणी आणि डीएनए यांवरून त्याची ओळख पटली. त्याचे नाव अ‍ॅलन मेथर. तो जून १९१७ मध्ये मेसीनच्या लढाईत मारला गेला होता. २०१० मध्ये त्याचे सन्मानाने दफन झाले. फ्रान्समध्ये परवानगीवाचून धातुशोधक यंत्राने पुरातन वस्तू शोधायला कायद्याने बंदी आहे, ती का हे इथे कळते.

जतन करतानाही घाई घातक ठरते. गंज दिसला की तारेच्या ब्रशने घासावा असे आपल्याला वाटते. पण त्याच गंजाखाली मूळ रंग किंवा चिन्ह टिकून असू शकते. एकदा घासले की ते कायमचे गेले. म्हणून प्रयोगशाळेत आधी क्ष-किरणांनी आतली स्थिती पाहतात, मग भिंगाखाली बारीक हत्याराने माती आणि गंज सोडवतात. मातीतले क्षार लोखंडात मुरलेले असतात. ते तसेच राहिले तर बाहेर काढलेले शिरस्त्राण कपाटातल्या कपाटातच पापुद्रे सुटून झडू लागते. म्हणून ते अल्कधर्मी द्रावणात बरेच दिवस ठेवून क्षार उतरवतात, मग नीट वाळवून वर मेणाचा हात देतात आणि कोरड्या हवेत ठेवतात. आतल्या चामड्याचे मात्र उलटे असते. ते ओलेच ठेवून हळूहळू वाळवावे लागते, नाहीतर आक्रसून तुटते.

आता पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. हिंदी पायदळ १९१४ च्या शरदात फ्रान्सला पोहोचले आणि १९१५ च्या अखेरीस तिथून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, हलवले गेले. पोलादी शिरस्त्राणे सर्रास मिळू लागली तोवर ते निघूनही गेले होते. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधल्या होलबेक येथे शिपाई खुदादाद खान यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तोही पोलादी टोपीवाचून. लोखंड शंभर वर्षे मातीत तग धरते. फेट्याचे कापड कुजून जाते. म्हणून नांगराला इंग्रज लागतो, फ्रेंच लागतो, जर्मन लागतो, आपला माणूस क्वचितच लागतो.

फ्रान्समध्ये निदान नावे तरी कोरली आहेत. न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. इराकमधली गोष्ट वेगळी. तिथे पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि त्या पलटणींत दखनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुतच्या वेढ्यात हे सारे एकत्र उपाशी राहिले. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची नुसती संख्या. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने अशा भेदभावाची जाहीर कबुली देऊन माफी मागितली.

मग आपल्या शिपायाची साक्ष कुठे शोधायची? त्या युद्धाची चांदीची पदके शिपायांना मिळत आणि पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. अशी पदके आजही काही घरांतल्या ट्रंकांत असतील. ईदला किंवा दिवाळीला ती राख-चिंचेने लखलखीत घासू नका. शिरस्त्राणावरचा रंग जसा ब्रशने जातो, तसे घासून घासून कडेवरचे नावही जाते. पदक मऊ कापडात गुंडाळून ठेवा आणि शेजारी एका चिठ्ठीवर लिहा, हे कुणाचे, कुठल्या गावचे, घरात कुणाकडून कुणाकडे आले.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी हेच सांगितले. त्याने विचारले, "मग आमच्या घरी शोधू का?" मी म्हटले, "शोध. पण सापडले तर घासू नकोस, आधी आजोबांना विचार आणि लिहून ठेव."